पावणेदोन व्होल्ट

दिवा लावून मीटर धरलं.
बॅटरीपाशी बारा पूर्णांक साठ,
डोलकाठीच्या बुडाशी, जोडावर, दहा पूर्णांक पंच्याऐंशी.
मधले पावणेदोन व्होल्ट वाटेत खर्च झाले,
पगार घेऊन निघालेला माणूस
दाराशी निम्म्या खिशानं पोचावा तसे.

मे महिना. नागूच्या धक्क्यावरून बर्फ जाऊन तीनच आठवडे.
होडी अजून लाकडी टेकूंवर, ताडपत्रीखाली.
रात्री अकरालाही इतका उजेड
की कुणी विचारावं, गुन्वोर, तुला दिवा हवाच कशाला?
ऑगस्टात कुणी विचारत नाही.
ऑगस्टात हजार बेटं एकदम काळी होतात
आणि एखादं सरकतं आहे असं वाटतं.

होडी घेतली हिल्डिंगकडून.
चाळीस वर्षं तो टेलिफोन खात्यात,
म्हणून सगळीकडे टेलिफोनची तार,
बोटाला जाणवेल न जाणवेल इतकी बारीक
आणि करडी. पंपाला करडी, रेडिओला करडी,
धन करडी, ऋण करडी.
अख्खं बोलणं जायचं हिच्यातून, म्हणतो तो,
दिवा काय बोलण्यापेक्षा जड असतो?

असतो, हिल्डिंग.

तो रोज येतो. घडीची खुर्ची, थर्मास, टोपी.
माझं डोकं इंजिनमागं, पाय बाहेर,
मी हातहात तार ओढते
आणि तो बघत बसतो,
आपण विणलेलं स्वेटर
दुसऱ्या कुणी उसवताना बघावं तसा.
कवच सोललं की आत तांबं नाही, हिरवी पूड.
बाल्टिकचं पाणी निमखारं म्हणतात.
निम्मं मीठही पुरतं.

पाण्यात राहून माशाशी वैर नको,
विजेशी तर नकोच.
तुर्कूहून कल्हई केलेली तार आणली, लाल आणि पिवळी,
भाव ऐकून दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं.
टोकाला लग बसवायचा, पकडीत दाबायचा,
टक् म्हणेपर्यंत.
मग ओढून बघायचं, जोरात, रागावल्यासारखं.
सुटायचं ते आत्ता सुटू दे,
इथं, कोरड्यावर.

शुक्रवारी होकायंत्राचा दिवा लावला
तर संडासाचा पंप सुरू झाला.
हिल्डिंग इतका हसला की कॉफी सांडली टोपीत.
चाळीस वर्षांत, म्हणाला,
माझ्या हातून एक राँग नंबर लागला नव्हता.

प्लास्टिकच्या पट्ट्या त्याला आवडत नाहीत.
खिशातून मेणाचा दोरा काढला,
एक्स्चेंजमधला, कधीचा कोण जाणे,
आणि तारांच्या जुडग्याला वीतभर अंतरावर
गाठी घालायला लागला.
कप धरताना थरथरणारे हात
गाठीत थरथरले नाहीत.
मला चार वेळा दाखवली. पाचव्यांदा जमली.

नाकाकडच्या बिछान्याखाली एक तार सापडली,
करडी, नीट बांधलेली,
फळीमागं जाऊन संपलेली. टोक साफ कापलेलं.
ही कशाची?
त्यानं चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.
गाठी माझ्याच, म्हणाला.
काहीतरी होतं हिला जोडलेलं.
किंवा जोडायचं होतं.
वर ताडपत्री फडफडत राहिली बराच वेळ.

काल पुन्हा मीटर धरलं, डोलकाठीच्या बुडाशी:
बारा पूर्णांक एकतीस.
बाकीचे? त्यानं विचारलं.
वाटखर्च, मी म्हटलं. तेवढा लागतोच.

कपाटाच्या दाराला आतून नकाशा चिकटवलाय,
कुठली तार कुठून कुठं, कुठला फ्यूज किती अँपियरचा.
चौदा नंबरची करडी मी काढली नाही.
दोन्ही टोकांना टोप्या घातल्या, पुढं लिहिलं:
माहीत नाही.

आज सकाळी त्याखाली पेन्सिलीनं,
तिरक्या, टेकत टेकत आलेल्या अक्षरात:
विचार करतोय. काढू नकोस. हि.